वहीतले पाऊल आणि गावातले पाऊल : हेडिंग्टन क्वारीच्या मॉरिस नृत्यपथकाची चिकित्सा

प्रास्ताविक

लोकनृत्याच्या अभ्यासात दोन प्रश्न सातत्याने अग्रभागी राहिले आहेत. संबंधित नृत्य किती प्राचीन आहे, हा पहिला. आणि त्याचे आजचे रूप मूळ रूपाशी कितपत प्रामाणिक आहे, हा दुसरा. ते नृत्य कोण नाचतात, कशासाठी नाचतात आणि ते चालू ठेवायचे की थांबवायचे हे कोण ठरवते, हा तिसरा प्रश्न मात्र बहुतेक वेळा दुय्यम मानला गेला. इंग्लंडमधील मॉरिस नृत्याविषयीच्या लेखनात हे असंतुलन विशेषत्वाने जाणवते. या नृत्याच्या उगमाविषयी विपुल लिहिले गेले. ज्या छोट्या गावपथकांनी ते प्रत्यक्ष जगवले, त्यांच्या जीवनाकडे अभ्यासकांचे लक्ष बऱ्याच उशिरा गेले.

प्रस्तुत लेखात ऑक्सफर्ड शहरालगतच्या हेडिंग्टन क्वारी या वस्तीतील मॉरिस पथकाचा विचार केला आहे. विसाव्या शतकातील इंग्रजी लोकनृत्य-पुनरुज्जीवन चळवळीची आद्यकथा याच पथकाभोवती गुंफली गेली. त्यामुळे एका समूहाचे आयुष्य आणि त्या आयुष्याविषयी रचली गेलेली कथा यांतील अंतर येथे जितके स्पष्ट दिसते, तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. परंपरेचे सातत्य हे अखंडतेत नसून खंडानंतर पुन्हा उभे राहण्याच्या समूहाच्या निर्णयात असते, हे या उदाहरणावरून दाखवणे हा लेखाचा हेतू आहे.

स्वरूप आणि पूर्वपीठिका

मॉरिस नृत्याचे प्रांतपरत्वे अनेक प्रकार आहेत. हेडिंग्टन क्वारीचे नृत्य हे दक्षिण-मध्य इंग्लंडमधील कॉट्सवोल्ड शैलीचे आहे. या शैलीत सामान्यतः सहा नर्तक समोरासमोर दोन ओळींत उभे राहतात. पोशाख पांढरा, त्यावर रंगीत फिती, नडग्यांवर घुंगरांच्या पट्ट्या आणि हातांत पांढरे हातरुमाल किंवा लाकडी दांडे असतात. पूर्वी एकाच वादकाने वाजवायची छोटी बासरी आणि ढोलके, पुढे सारंगीसारखे फिडल आणि नंतर कॉन्सर्टिना ही वाद्ये साथीला आली. सोबत एक विदूषक असतो. प्रेक्षकांशी थट्टामस्करी करणे आणि नर्तकांसाठी मोकळी जागा राखणे ही त्याची कामे. आधुनिक काळातील पथकांत ‘स्क्वायर’ हा प्रमुख, ‘फोरमन’ हा नृत्यशिक्षक आणि ‘बॅगमन’ हा पत्रव्यवहार व व्यवस्था पाहणारा, अशी पदरचना आढळते. हिवाळाभर एखाद्या सभागृहात साप्ताहिक तालीम आणि उन्हाळ्यात गावचौकांत, पबच्या अंगणांत प्रयोग, असे पथकाच्या वर्षाचे चक्र असते.

मॉरिसचा इंग्लंडमधील ज्ञात जुना उल्लेख १४४८ सालचा आहे. लंडनच्या सोनारांच्या संघाने त्या वर्षी मॉरिस नर्तकांना सात शिलिंग दिल्याची नोंद आहे. १६०० साली विल्यम केम्प या विनोदी नटाने लंडनपासून नॉरिचपर्यंत मॉरिस नाचत प्रवास केला आणि त्याचे वर्णनही प्रसिद्ध केले. जॉन फॉरेस्ट यांनी १४५८ ते १७५० या कालखंडाचा जो इतिहास १९९९ मध्ये मांडला, त्यावरून हे नृत्य राजदरबार, नगरसंस्था, चर्चचे उत्सव आणि शेवटी खेडी अशा भिन्न परिसरांतून वावरले असे दिसते. प्रागैतिहासिक सुफलनविधीचा अवशेष म्हणून त्याचे जे वर्णन दीर्घकाळ केले गेले, त्याला या नोंदींत आधार सापडत नाही. मायकेल हीनी यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत इतिहासानेही हेच चित्र अधिक पक्के केले आहे. तात्पर्य, मॉरिस जुने आहे. परंतु त्याचे जुनेपण हे सतत हात बदलत आलेल्या वस्तूचे जुनेपण आहे.

क्वारी : श्रमिकांची वस्ती

‘क्वारी’ म्हणजे दगडखाण. नावाप्रमाणेच ही वस्ती खाणकाम, वीटकाम, गवंडीकाम आणि मातीकाम यांवर जगणाऱ्या कुटुंबांची होती. इतिहासकार राफाएल सॅम्युअल यांनी १८६० ते १९२० या काळातील क्वारीच्या जीवनावर, वृद्ध रहिवाशांच्या मौखिक साक्षींच्या आधारे, १९७५ मध्ये एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. जमीनदाराच्या नजरेखाली शिस्तीत राहणारे टुमदार इंग्रजी खेडे या कल्पनेला त्यातून छेद मिळतो. क्वारीतील माणसे हंगामाप्रमाणे एका कामावरून दुसऱ्या कामावर जात. स्त्रिया कपडे धुण्याच्या व्यवसायातून घराला हातभार लावत. थंडी कडक पडली की उघड्यावरची कामे थांबत आणि मिळकत आटे.

मॉरिस पथकाचे जीवन या अर्थव्यवस्थेपासून वेगळे काढता येत नाही. नृत्याचा नियत काळ म्हणजे व्हिटसन, अर्थात ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारपासूनचा सणाचा आठवडा. त्या दिवसांत पथके गावोगाव फिरत, टोपी फिरवून पैसे गोळा करत. कीथ चँडलर यांनी १६६० ते १९०० या काळातील दक्षिण-मध्य इंग्लंडच्या मॉरिसचा सामाजिक इतिहास १९९३ मध्ये प्रकाशित केला. नर्तकांची नावे, नातीगोती आणि व्यवसाय अभिलेखांतून शोधून काढणे, हे या ग्रंथाचे मोठे कार्य आहे. त्यामुळे ‘लोक’ या निनावी शब्दाच्या जागी मजुरी करणारी, पैशाची गरज असलेली आणि आपल्या कौशल्याचा अभिमान बाळगणारी विशिष्ट माणसे उभी राहतात. उत्सव आणि उत्पन्न यांत त्यांना विरोध दिसत नव्हता. हा विरोध नंतरच्या, सुस्थित अभ्यासकांना दिसू लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आश्रयदाते कमी झाले, तरुण रोजगारासाठी अन्यत्र गेले आणि सणाच्या करमणुकीचे स्वरूपही बदलले. अनेक गावांची पथके एकामागून एक थांबली. क्वारीचे पथकही १८८७ मध्ये थांबले.

२६ डिसेंबर १८९९ : एका कथेची दोन वाचने

चळवळीच्या इतिहासात वारंवार सांगितली जाणारी घटना अशी. लंडनमधील संगीतशिक्षक सेसिल शार्प (१८५९–१९२४) नाताळच्या सुटीत हेडिंग्टन येथे सासूबाईंच्या घरी आले होते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबर १८९९ रोजी, घरासमोर पांढऱ्या पोशाखातील, घुंगरू बांधलेल्या माणसांचे पथक येऊन नाचले. कॉन्सर्टिना वाजवणारा तरुण होता विल्यम किंबर (१८७२–१९६१), पेशाने गवंडी. शार्प यांनी दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून पाच चाली लिहून घेतल्या. या भेटीतून इंग्रजी लोकनृत्याचे पुनरुज्जीवन झाले, असे चळवळीची परंपरा मानते.

या कथेचे पहिले वाचन संग्राहकाच्या बाजूचे आहे. लोप पावणारी एक प्राचीन कला योगायोगाने एका जाणकाराच्या दृष्टीस पडते आणि त्याच्या लेखणीमुळे वाचते, असा तिचा आशय. यात नर्तक हे वाहक असतात. आपण काय वाहून नेत आहोत याची त्यांना जाण नसते, ती संग्राहकाला असते.

परंतु याच कथेतील तपशील दुसरे वाचन सुचवतात. मॉरिस हे व्हिटसनचे नृत्य. मग ते ऐन हिवाळ्यात का नाचले गेले? ए. एच. फॉक्स स्ट्रँगवेज यांनी १९३३ मध्ये लिहिलेल्या शार्पचरित्रातील माहितीनुसार नर्तकांनी स्वतःच याचा खुलासा केला होता. काळ योग्य नाही हे त्यांना ठाऊक होते. मात्र थंडीमुळे बांधकामे बंद होती आणि प्रामाणिकपणे चार पैसे मिळवण्यात गैर नाही, असे त्यांना वाटले. म्हणजे ज्या प्रयोगाला प्राचीन विधीचे दर्शन मानले गेले, तो विधीच्या दृष्टीने अवेळी झालेला आणि बेकारीतून उभा राहिलेला प्रयोग होता. आपल्या नृत्याचा नियम जाणणे आणि गरज पडता तो बाजूला ठेवणे, या दोन्ही गोष्टी पथकाने स्वतःच्या अधिकारात केल्या होत्या.

दुसरा तपशील याहून महत्त्वाचा आहे. बारा वर्षांच्या खंडानंतर क्वारीचे पथक त्याच वर्षी पुन्हा उभे राहिले होते. ऑक्सफर्डचे पुराणवस्तुसंशोधक पर्सी मॅनिंग यांच्या प्रयत्नाने मार्च १८९९ मध्ये ऑक्सफर्डच्या कॉर्न एक्स्चेंजमध्ये या नर्तकांचा प्रयोग झाला आणि त्यानंतर पथक नाचत राहिले. शार्प यांना दिसले ते अखंड परंपरेचे शेवटचे टोक नव्हते. ते एक ताजे पुनरुज्जीवन होते. पुनरुज्जीवन चळवळीचा आरंभबिंदू हाच मुळात पुनरुज्जीवित होता. अस्सल आणि पुनर्निर्मित अशी जी सरळ विभागणी लोककलेच्या समीक्षेत केली जाते, ती येथे पहिल्याच पायरीवर कोसळते.

या घटनेचा पुढील भाग कथेत क्वचितच येतो. क्वारीचे पथक आजच्या काळातही बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, नाचते. उपजीविकेसाठी केलेला अपवाद कालांतराने प्रथा बनला. प्रथा जन्माला कशा येतात, याचा इतका स्वच्छ नमुना सहसा हाती लागत नाही. कारण बहुतेक प्रथांचा आरंभ अज्ञात असतो आणि अज्ञाताला प्राचीन मानण्याकडे मनाचा कल असतो.

वही आणि उत्साह : शार्प–नील वाद

शार्प यांनी १८९९ मध्ये लिहून घेतलेल्या चाली पुढील काही वर्षे वहीतच राहिल्या. त्यांना शरीर लाभले ते १९०५ मध्ये आणि तेही शार्प यांच्या पुढाकाराने नव्हे. मेरी नील (१८६०–१९४४) या समाजसेविका लंडनमध्ये शिवणकामावर उपजीविका करणाऱ्या मुलींसाठी एस्पेरान्स क्लब चालवत. मुलींना शिकवण्यासाठी त्या शार्प यांच्याकडे गाणी व पुढे नृत्ये मागण्यास गेल्या आणि शार्प यांनी त्यांना किंबर यांचे नाव सांगितले. किंबर आपल्या एका नातलगासह लंडनला आले आणि त्यांनी या मुलींना मॉरिस शिकवले. पुढे याच मुली शिक्षिका म्हणून इंग्लंडच्या विविध भागांत गेल्या. गवंड्याकडून शिवणकाम करणाऱ्या मुलींकडे असा या नृत्याचा आधुनिक प्रवास झाला. वहीने त्यात परिचय करून देण्याचे काम केले.

१९०७ मध्ये शार्प यांचे ‘द मॉरिस बुक’ हर्बर्ट मॅकइल्वेन यांच्या सहकार्याने प्रसिद्ध झाले. त्यानंतर शार्प आणि नील यांच्यातील मतभेद तीव्र होत गेले. नृत्य अचूकपणे, अधिकृत नोंदीनुसार आणि प्रशिक्षित शिक्षकांकडूनच दिले जावे, असा शार्प यांचा आग्रह होता. नील यांच्या मते नृत्य हे नर्तकाकडून नर्तकाकडे जाते. त्यातील उत्साह हरवला तर अचूकता निरर्थक ठरते. १९११ मध्ये शार्प यांनी इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापन केली. तिच्या परीक्षा व प्रमाणपत्रे यांमुळे शार्प यांचा पक्ष संस्थात्मक झाला. पहिल्या महायुद्धाबरोबर नील यांचे नृत्यकार्य थांबले.

हा वाद बहुधा दोन व्यक्तिमत्त्वांचा संघर्ष म्हणून वर्णिला जातो. वस्तुतः तो प्रामाण्याच्या दोन कल्पनांचा संघर्ष होता. एकीनुसार नृत्याचे अंतिम प्रमाण म्हणजे त्याची संहिता. दुसरीनुसार ते प्रमाण म्हणजे नाचणारी माणसे. मात्र नील यांची बाजू केवळ भावनिक सहानुभूतीने उचलणे समीक्षेला शोभणारे नाही. नर्तकांना केंद्रस्थानी मानणाऱ्या नील यांच्या कार्यातही क्वारीची माणसे शिकवून परत जात होती आणि पुढील निर्णय लंडनमध्येच होत होते. दुसरीकडे, किंबर यांनी शार्प यांचीच साथ केली व त्यांच्या व्याख्यानांत प्रात्यक्षिके दिली. त्यांना केवळ शोषित मानणे म्हणजे त्यांची निवडक्षमता नाकारणे होय. आपल्या कलेला सभागृहात मान मिळतो आहे, हे या गवंड्याला कळत होते आणि त्याने त्या मानाचा स्वीकार केला.

वहीचे उपकार आणि तिची मर्यादा

संहितेचे मूल्य नाकारता येणार नाही. १९१६ मध्ये रणभूमीवर शार्प यांच्या प्रात्यक्षिक पथकातील चार नर्तक मारले गेले. संगीतकार जॉर्ज बटरवर्थ हे त्यांपैकी एक. माणसांच्या शरीरात साठवलेली कला माणसांबरोबर नष्ट होऊ शकते, याचा हा दारुण प्रत्यय होता. जी गावपथके एकोणिसाव्या शतकातच थांबली होती, त्यांची नृत्ये आज नाचता येतात ती शार्प व अन्य संग्राहकांनी वृद्ध नर्तकांकडून लिहून घेतल्यामुळेच.

ऑक्सफर्डशायरमधीलच ॲडरबरी या गावाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. तेथील जेनेट ब्लंट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विल्यम वॉल्टन या जुन्या नर्तकाकडून गावची नृत्ये टिपून ठेवली. ती नोंद सुमारे अर्धशतक कागदावर राहिली. १९७० च्या दशकाच्या मध्यात ॲडरबरीतील लोकांनी ती नृत्ये पुन्हा गावात आणली. येथे वही गावाकडे परत आली. तरीही ज्या दिवशी गावातील काही माणसे तालमीसाठी एकत्र आली, त्या दिवशी ती नृत्ये जिवंत झाली. त्यापूर्वी ती केवळ सुरक्षित होती. सुरक्षित असणे आणि जिवंत असणे यांतील हा भेद लोककलेच्या संवर्धनविषयक चर्चेत पुरेसा पाळला जात नाही.

क्वारीच्या पथकाचा विसाव्या शतकातील इतिहासही हेच सांगतो. महायुद्धांच्या काळात पथकाच्या आयुष्यात पुन्हा खंड पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर वृद्ध किंबर यांच्या नजरेखाली नवे नर्तक घडले. त्यांचे कॉन्सर्टिनावादन ध्वनिमुद्रित झाले आणि १९७४ मध्ये टॉपिक रेकॉर्ड्सने त्याची तबकडी प्रसिद्ध केली. या वादनात नर्तकाच्या उडीसाठी लय किंचित थांबते. स्वरलिपीच्या कागदावर ही बाब पूर्णपणे उतरत नाही. किंबर यांचे निधन २६ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे त्या प्रसिद्ध भेटीनंतर बरोबर बासष्ट वर्षांनी झाले. त्यांचे पथक त्यांच्यानंतरही नाचत राहिले, हा योगायोगाहून महत्त्वाचा भाग आहे.

तुलनेसाठी बॅम्प्टन या गावाचा निर्देश करता येईल. बॅम्प्टनचे मॉरिस हे तुलनेने अखंड मानले जाते. तेथे विसाव्या शतकात मतभेद होऊन एकाच गावात एकाहून अधिक पथके निर्माण झाली आणि वसंतातील सुटीच्या सोमवारी ती सर्व गावातून नाचत फिरतात. मूळचा व्हिटसनचा सोमवार १९७१ च्या कायद्याने मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारावर स्थिर झाला, तसे नृत्यही तेथे सरकले. फूट आणि तारखेतील बदल या दोन्ही गोष्टी ऱ्हासाची लक्षणे म्हणून वाचता येतात. परंतु ज्या वस्तूवर आपला हक्क आहे असे वाटत नाही, तिच्यासाठी माणसे भांडत नाहीत. बॅम्प्टनमधील भांडण हे मालकीच्या जाणिवेचे लक्षण आहे.

प्रवेशाचा अधिकार

पथकाचे जीवन म्हणजे त्याच्या सदस्यत्वाचा इतिहासही होय. १९३४ मध्ये सहा पथकांनी एकत्र येऊन ‘मॉरिस रिंग’ हा संघ स्थापन केला. तो पुरुष पथकांचा होता आणि मॉरिस हे परंपरेने पुरुषांचे नृत्य आहे, हे त्यामागील गृहीतक होते. खेड्यांतील बहुतांश जुन्या पथकांबाबत ते खरे असले, तरी आधुनिक काळात हे नृत्य देशभर पोहोचवणाऱ्यांत लंडनच्या श्रमिक मुली अग्रेसर होत्या, या वस्तुस्थितीचा त्यात विसर पडला. १९७५ मध्ये स्त्रियांच्या पथकांचा स्वतंत्र संघ उभा राहिला आणि पुढे तो सर्वांसाठी खुला झाला. २०१० नंतरच्या दशकात मॉरिस रिंगनेही आपली अट शिथिल केली. परंपरेचा दाखला देताना कोणत्या वर्षापासून मोजायचे, हे मोजणारा ठरवतो, हा या प्रकरणाचा बोध आहे.

याहून कठीण कसोटी चेहरा काळा रंगवण्याच्या प्रथेने पुढे आणली. काही प्रादेशिक शैलींत ही प्रथा होती. ती वेषांतरासाठी होती असा एक खुलासा दिला जाई. परंतु थेरेसा बकलंड यांच्या संशोधनाने एकोणिसाव्या शतकातील रंगभूमीवरील कृष्णवर्णीयांच्या उपहासात्मक नकलांशी अशा काही नृत्यांचा असलेला संबंध निदर्शनास आणला होता. जुलै २०२० मध्ये मॉरिस पथकांच्या तिन्ही संघांनी मिळून संपूर्ण चेहरा काळा किंवा त्वचेच्या अन्य रंगात रंगवण्याची प्रथा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. लँकेशायरमधील बेकप येथील ब्रिटानिया कोकोनट डान्सर्स या पथकाने तो अमान्य करून संघापासून फारकत घेतली.

या प्रसंगाचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजूंनी परंपरेचा आधार घेतला, हे लक्षात घ्यावे लागते. बेकपच्या पथकाचे आपल्या गावाशी असलेले नाते खरे आहे. दरवर्षी ईस्टरच्या शनिवारी ते गावाच्या एका सीमेपासून दुसऱ्या सीमेपर्यंत नाचत जाते आणि त्यासाठी गाव रस्त्यावर उतरते. परंतु जुनेपणा हा नैतिक युक्तिवाद होऊ शकत नाही. नृत्य चौकात होते; म्हणून चौकातील प्रत्येक प्रेक्षकाला उत्तर देण्याची जबाबदारीही पथकावर येते. ज्या पथकांनी रंग बदलला, त्यांचे नृत्य थांबले नाही. १८९९ मध्ये क्वारीच्या नर्तकांनी ऋतू बदलला होता, तेव्हाही ते थांबले नव्हते. प्रथेतील कोणता भाग सोडायचा हे ठरवण्याची क्षमता समूहाने गमावली, तर प्रथा समूहाची राहत नाही. समूह प्रथेचा होतो.

दोन सिद्धान्तांची मर्यादा

मॉरिसच्या समीक्षेत दोन सिद्धान्तदृष्टी प्रभावी ठरल्या. पहिली अवशेषवादी. शार्प यांनी आरंभी मॉरिसचा संबंध मूर लोकांशी जोडला होता. १९१२ च्या सुधारित आवृत्तीत ते प्राचीन धर्मविधीच्या उपपत्तीकडे वळले. दुसरी दृष्टी म्हणजे १९८३ मध्ये एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेल्या ग्रंथातून रूढ झालेली ‘परंपरांचा शोध’ ही संकल्पना. जॉर्जिना बॉइज यांनी १९९३ मध्ये लोककला-चळवळीची जी परखड चिकित्सा केली, ती याच बौद्धिक वातावरणातील आहे. मध्यमवर्गीय संग्राहकांनी आपल्या मनातील खेडे प्रत्यक्ष खेड्यावर कसे लादले, हे या चिकित्सेने प्रभावीपणे दाखवले आणि तिचे हे श्रेय वादातीत आहे.

परंतु या दोन्ही दृष्टींत एक साम्य आहे. दोन्ही नृत्याचे मूल्य त्याच्या उगमाशी बांधतात. पहिली उगमाचे गूढ वाढवून नृत्याला पावित्र्य देते. दुसरी उगमातील कृत्रिमता उघड करते आणि नृत्याकडे संशयाने पाहायला शिकवते. मधल्या काळात हिवाळ्याच्या संध्याकाळी तालमीला येणारा माणूस दोन्हींच्या दृष्टिक्षेपाबाहेर राहतो. पहिलीत तो नकळत वाहक असतो, दुसरीत तो दुसऱ्याच्या विचारसरणीचा बळी असतो. सॅम्युअल आणि चँडलर यांच्या अभ्यासांचे महत्त्व असे की, त्यांनी या माणसाला नाव, व्यवसाय आणि हेतू परत दिले. क्वारीच्या संदर्भात त्यांची मांडणी एकत्र वाचली असता तिसरी दृष्टी शक्य होते. तिच्यानुसार परंपरा म्हणजे एका समूहाने वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांची मालिका होय.

या दृष्टीवरही आक्षेप घेता येईल. समूहाचा निर्णय हेच प्रमाण मानले तर कोणताही बदल समर्थनीय ठरेल काय? याचे उत्तर नकारार्थी आहे. समूहाला दोन बंधने असतात. एक मागील पिढीकडून मिळालेल्या कौशल्याचे. किंबर यांच्या वादनातील तो सूक्ष्म विराम जपला नाही, तर नर्तकाची उडीच चुकते. दुसरे समोरच्या प्रेक्षकाचे. त्याच्या अनुमतीवाचून चौकातले नृत्य उभे राहत नाही. या दोन बंधनांमधील जागेतच पथकाचे स्वातंत्र्य असते.

समारोप

हेडिंग्टन क्वारीचे पथक १८८७ मध्ये थांबले, १८९९ मध्ये उभे राहिले, महायुद्धांत पुन्हा विस्कटले आणि पुन्हा उभे राहिले. प्रत्येक वेळी उभे राहण्याचे कारण निराळे होते : कधी एखाद्या संशोधकाची उत्सुकता, कधी थंडीतील बेकारी, कधी एका वृद्ध वादकाची चिकाटी. यांपैकी एकही कारण प्राचीन विधीच्या श्रद्धेचे नव्हते आणि म्हणून एकही कारण कमी प्रतीचे ठरत नाही.

या उदाहरणावरून लोककलेच्या समीक्षेसाठी काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, खंड हा परंपरेचा अभाव नसून तिच्या इतिहासाचा भाग आहे. दुसरा, लिखित नोंद नृत्याचे संरक्षण करते, परंतु त्याला जीवन देण्याचा अधिकार व क्षमता नाचणाऱ्या समूहाकडेच असते. तिसरा, परंपरेच्या नावाने केलेल्या प्रत्येक दाव्याला ‘कोणाची आणि केव्हापासून’ हे दोन प्रश्न विचारणे आवश्यक आहे. संग्राहकाच्या वहीत २७ डिसेंबर १८९९ रोजी पाच चाली उतरल्या. त्याच्या आदल्या दिवशी ज्यांनी घुंगरू बांधले होते, त्यांना हाताला काम नसताना आपल्याजवळ एक कला आहे, एवढे पुरेसे ठाऊक होते. मॉरिसच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ त्यांच्या या जाणिवेपासून मानणे अधिक न्याय्य ठरेल.